नवतप्यातला समुद्र

नवतपा लागला की आमच्या घरी भांडायला दुसरं काही लागत नाही, कूलर पुरतो. पाणी कोणी भरायचं, वाळा कोणी बदलायचा, दार किती उघडं ठेवायचं. ह्यांना दार वीतभरच उघडं हवं असतं, मला अर्धं. नागपूरच्या माणसाला कूलरचं एक शास्त्र जन्मजात येतं: खिडकीत कूलर लावला की समोरचं दार किलकिलं ठेवायचंच. नाहीतर हवेला बाहेर जायला वाट राहत नाही, खोली दमट होते आणि अंग चिकचिकतं. हे कोणी कोणाला शिकवत नाही. पाहुणा आला, बसला, आणि दार लोटून घेतलं, की घरातलं लहान पोरगंही ओरडतं, "दार काहून लावलं जी? कूलर सुरू आहे ना!"

रोहिणी नक्षत्रात सूर्य शिरतो आणि ते नऊ दिवस सुरू होतात. दुपारी रस्ता ओस पडतो. कुत्री नालीच्या ओल्यात जाऊन पडतात. बाहेर जाणाऱ्याच्या डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा असतो. आता वय झालं, बाहेर जायचं काही राहिलं नाही, तरी ते दिवस आले की मला आधीच थकून गेल्यासारखं होतं. ह्यांना वाटतं उन्हानं. ऊन तर जन्मापासूनच आहे. मला थकवा येतो तो एका समुद्राचा, जो आम्ही नवतप्यात, एका कॉलेजातल्या खोलीत, टिनाच्या ट्रेमध्ये भरला होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी पदार्थविज्ञान विभागात प्रयोग घ्यायला होते. वडील गिरणीत, आई घर सांभाळणारी. धम्म घेतला तेव्हा मी आईच्या कडेवर होते, आणि पोरगी शिकली पाहिजे हे त्या दिवसापासून घरात ठरलेलं होतं. मुलगी कॉलेजात नोकरीला लागली याचं वडिलांना इतकं अप्रूप, की मी तिथं नेमकं काय करते हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या उन्हाळ्यापुरतं मला सांगावं लागलं असतं, बाबा, मी बर्फ कुटते.

आमचे काळे सर वाऱ्याचे वेडे. माणसानं आयुष्यभर नागपुरात राहून समुद्रकाठच्या वाऱ्याचं वेड घ्यावं, ही सरांचीच तऱ्हा. म्हणायचे, "बाई, वारा सपाटीवर शहाणा असतो. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र आला, की तो बिघडतो." त्यांचा एक जुना वर्गमित्र कोकणात उभ्या राहणाऱ्या कारखान्याच्या सल्लागारांत होता. खाडीच्या काठी, दरीतच चिमणी बांधायची होती. तिन्ही बाजूंनी डोंगर, मधे वाटीसारखं गाव, समोर एक बुटकं टेकाड आणि त्यापलीकडे समुद्र. धूर कुठं जाईल, एवढाच प्रश्न. सरांनी तो हौसेनं मागून घेतला, आणि मे महिन्याच्या सुट्टीत विभागातली मागची खोली उघडली.

त्या प्रश्नाबरोबर एक माणूसही आला. मयेकर गुरुजी, त्या गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक. डोंगर किती उंच, ओढा कुठून उतरतो, हे सांगायला गावानंच त्यांना सुट्टीत पाठवलं होतं. आमसुलांची पिशवी आणि एक फणस घेऊन ते नागपूर स्टेशनावर उतरले तेव्हा दुपार होती. आमच्या खोलीत पोचले ते तोंडाला उपरणं धरून. पहिलं वाक्य म्हणाले, "बाई, तुमच्याकडे वारा भाजतो की हो माणसाला." फणस मात्र शाबूत होता.

डोंगर आमच्या पौनीकरांनी केले. पौनीकर म्हणजे विभागातले शिपाई, सुतार, लोहार सगळे एकच. घर विणकरांचं, पण माग कधीचे थंड पडलेले, म्हणून नोकरीत आलेले. त्यांनी तेलाचे रिकामे पिपे कापले, ठोकून ठोकून त्यांचे सह्याद्री केले, आणि वर शेवाळी रंग दिला. डोंगर आतून पोकळ होते, कारण त्यात बर्फ भरायचा होता. संध्याकाळ झाली की डोंगर आधी गार होतात, समुद्र कोमट राहतो. ती वेळ आम्हाला खोलीत हवी होती. दिवसाचं सोपं होतं. दिवसा खारा वारा धूर डोंगरावर चढवून नेणार, हे सरांनी कागदावर मांडून ठेवलं होतं. अडचण संध्याकाळनंतरची होती.

समुद्र करायला काही कष्ट पडले नाहीत. ट्रेमध्ये नळाचं पाणी ओतलं की झालं. नवतप्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी आपसूकच कोमट. बर्फ मात्र रोज लागायचा. भुशात गुंडाळलेली लादी रिक्षातून यायची, येता येता निम्मी वितळायची, आणि मी गोणपाटात घालून ती मोगरीनं कुटायची. चिमणी म्हणून एक बारीक पितळी नळी, आणि तिच्याखाली अगरबत्ती. दोन बाजूंना काचा, डोंगरामागची आणि समुद्रापलीकडची बाजू मोकळी. वाऱ्याला यायला-जायला वाट हवी ना. रोज पुडा संपायचा. पौनीकर म्हणायचे, "सर, आमच्या घरच्या देवाले एक काडी अन् तुमच्या चिमणीले अख्खा पुडा. बसवला तरी कोणता देव जी इथं?" सर हसून म्हणायचे, "वायुदेव."

गुरुजींनी एक दिवस रिकामी काडेपेटी मागून घेतली. तिच्यावर लाल कागदाचं छप्पर चिकटवलं, म्हणाले कौलं आहेत ही. आणि टिनाच्या त्या दरीत, ओढ्याच्या अलीकडे, बोटानं जागा चाचपून ती पेटी ठेवली. "ही माझी शाळा," म्हणाले. त्यानंतर आम्ही कोणीच धुराकडे नुसतं पाहिलं नाही. धूर पाहायचो आणि नजर पेटीवर जायची.

आणि काय सांगू, पहिल्याच दिवशी उत्तर सुरेख आलं. नळीतून धूर वर आला, डोंगराकडून आलेल्या गार झुळकीनं वाकला, आणि पेटीच्या बऱ्याच वरून समुद्रावर निघून गेला. अगदी मतलई वारा. शाळेत प्रत्येकानं लिहिलेलं उत्तर: दिवसा समुद्राकडून जमिनीकडे ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे ते मतलई वारे. भूगोलाच्या पेपरात हमखास गुण देणारा प्रश्न. आम्ही पुन्हा पुन्हा करून पाहिलं, धूर आज्ञाधारक पोरासारखा त्याच वाटेनं जायचा. उत्तर पुस्तकातल्यासारखं आलं की माणूस विचारायचा थांबतो. आम्हीही थांबलो. सरांनी ट्रंककॉल लावून मित्राला कळवूनसुद्धा टाकलं, "धूर समुद्रात जातो. गाव मोकळं आहे."

त्या दिवशी गुरुजींनी सगळ्यांना आमसुलाचं सरबत केलं. बर्फाला तोटा नव्हताच. पौनीकरांनी डब्यातली झणझणीत भाजी पुढं केली, आणि गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी ते "छान, छान" म्हणत खात राहिले. गावाकडे मोठी सून बाळंतीण होती, तिच्याविषयी बोलले. शाळेच्या मागं काजूची झाडं लावायची म्हणाले. माणूस सुटल्यासारखा दिसत होता. दोन दिवसांनी त्यांची गाडी होती.

निघायच्या दिवशी ते निरोप घ्यायला खोलीत आले. सरांनी हौसेनं शेवटची एक अगरबत्ती लावली, "पाहून जा गुरुजी, घरी सांगायला." धूर निघाला, वाकला, समुद्रावर गेला. गुरुजी पेटीकडे पाहून हसले. आणि लाइन गेली.

नागपुरात भरदुपारी लाइन जाणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. खिडकीतला कूलर घरघरत मंद होत गेला आणि थांबला. एकदम इतकी शांतता झाली, की बर्फाचं पाणी टिनावर ठिबकताना ऐकू येऊ लागलं. कूलरचा आवाज होता हेच तो थांबल्यावर कळलं. पौनीकर सवयीनं पंख्यासाठी पुठ्ठा शोधायला लागले. मी ट्रेकडे पाहत होते. धूर समुद्रावर जायचा थांबला होता.

तो सरळ वर चढला, थबकला, आणि मग हळूहळू परत खाली यायला लागला. गार डोंगरांवरून उतरणारी हवा दरीच्या तळाशी साचत होती, आणि समोरच्या बुटक्या टेकाडापाशी अडत होती. धूर तिच्याबरोबर खाली बसला. ओढा दिसेना. मग लाल छप्पर दिसेना. पेटीवर धुराची एक चादरच पसरली आणि ती हलेना.

शेवटी पौनीकर म्हणाले, "लाइन आली का होऊन जाईन जी बराबर."

आणि लाइन आली. कूलर घरघरला, चांगला जोरात. खिडकी डोंगरामागं, दार समुद्राकडे, दार नेहमीप्रमाणे किलकिलं. पेटीवरची चादर उचलली गेली, धूर मुकाट वाकला, आणि समुद्रावर निघून गेला. सगळं बराबर झालं. सर खुर्चीत बसले ते कितीतरी वेळ उठले नाहीत.

आमचा मतलई वारा खिडकीतून येत होता. खोलीत आम्ही चार माणसं, महिनाभर वाऱ्याचाच विचार करत होतो, आणि ज्या वाऱ्यात आमचे कागद फडफडत होते, ज्यासाठी कागदांवर दगड ठेवले होते, तो वारा आमच्या हिशेबातच नव्हता. नागपुरात उन्हाळ्यात कूलरला कोणी वारा म्हणत नाही. तो खोलीचा भाग असतो, भिंतीसारखा. मुंबई-पुण्याचा माणूस असता तर पहिल्या दिवशीच त्याला ती झुळूक लागली असती, असं मी नंतर खूपदा स्वतःला म्हटलं. गुरुजी बाहेरचे होते खरे. पण बिचारे गारव्यासाठी त्या कूलरला इतके दुवा देत होते, की त्यांनाही तो परका वाटला नाही.

गुरुजींनी पिशवी खाली ठेवली. म्हणाले, "सर, आमच्या गावात कूलर नाही हो."

गाडी त्यांनी जाऊ दिली. दुसऱ्या दिवशीपासून आम्ही कूलर बंद केला, खिडकी लावली, दार लावलं. नवतपा ऐन भरात होता. त्या खोलीत उभं राहणं म्हणजे काय होतं, हे ज्यानं इथला उन्हाळा काढला नाही त्याला सांगून कळणार नाही. डोक्यावर ओले पंचे, पायाखाली ओलं गोणपाट. पौनीकर रोज कच्च्या कैरीचं पन्हं आणायचे आणि रोज करवादायचे, "बर्फ त्या टिनाच्या पहाडाले, अन् माणसं इथं भाजून राहिले. काही न्याय आहे का जी?" बर्फ डोळ्यांदेखत वितळायचा. कुटून कुटून माझ्या तळव्यांना घट्टे पडले. गुरुजी एका स्टुलावर बसून असायचे, पेटीवरची नजर न काढता. दर वेळी धूर खाली आला की म्हणायचे, "पुन्हा एकदा लावा बघू उदबत्ती. एखादवेळी आपलंच काही चुकत असेल." कालपर्यंत आमचं बरोबर यावं म्हणून झुरणारा माणूस आता आमचं चुकावं म्हणून झुरत होता.

सरांनी चिमणी उंच करून पाहिली, स्वेटरच्या सुईइतकी. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग ती दरीतून काढून टेकाडाच्या पलीकडे, भूशिराच्या टोकाला ठेवली. तिथून धूर सुटला. कूलर नाही, दार बंद, आणि तरी धूर दरीत शिरला नाही. गुरुजी स्टुलावरून उठले आणि त्यांनी सरांचे दोन्ही हात धरले. इतकं साधं होतं. जागा बदलायची. त्या संध्याकाळी सरांना ऊन लागलं, ताप चढला, पौनीकरांनी तळपायांना कांद्याचा रस चोळला. पण सर तापातही हसत होते.

कारखान्याची जागा बदलली नाही. सर स्वतः मुंबईला त्या सल्लागारांकडे जाऊन आले. मग एक दिवस बर्फाचं रिकामं गोणपाट घडी घालताना मला म्हणाले, "बाई, त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. चहा दिला. आणि विचारलं, नागपुरात समुद्र कुठे आहे? मी म्हटलं, पहिल्या वेळीही नव्हता. तर म्हणाले, पहिल्या वेळी तुम्ही निदान आरामात काम करत होता. नंतरचं सगळं उन्हात त्रासलेल्या माणसांनी केलंय, त्यावर कसा भरवसा ठेवायचा?" सर हसायला गेले, पण ते हसू काही जमलं नाही. ट्रंककॉलवरचं ते एक आनंदाचं वाक्य सगळ्यांना सोयीचं होतं. ते कूलरच्या गार हवेत बोललेलं होतं.

जन्मभर हेच काम केलं म्हणून सांगते. मोठा वारा लहान खोलीत आणायचा, तर डोंगर लहान करता येतो, समुद्र लहान करता येतो, शाळाही काडेपेटीएवढी करता येते. माणसांची सोय मात्र लहान होत नाही. ती खोलीत शिरते ती आपल्या पूर्ण आकारानं. हे मी पुढं मुलांना प्रयोग शिकवताना कधी बोलले नाही. एवढंच सांगायची, प्रयोगाआधी खोलीत काय काय चालू आहे ते पाहा. मुलं पंखा बंद करायची आणि आपसांत कुजबुजायची, म्हातारीले गर्मी होत नाही का?

मी समुद्र पाहिला तो यानंतर बऱ्याच वर्षांनी. सर तोवर निवृत्त होऊन खंगत चालले होते. त्यांनी कधी जा म्हटलं नाही, पण मला माहीत होतं त्यांना जायचं होतं. ह्यांना घेऊन मी गुरुजींच्या गावाला गेले. पहिल्यांदा समुद्र पाहून माणसं गप्प होतात म्हणतात, हे म्हणाले, "बापा! एवढं पाणी, अन् आपण कूलरच्या बालटीसाठी भांडतो."

गुरुजी एस.टी.च्या थांब्यावर घ्यायला आले होते. वाळून काटकुळे झालेले. गावात शिरताना मला काही विचारावं लागलं नाही. ओढा इथं वळणार, टेकाड इथं असणार. माझ्या हातांना तो डोंगर पाठ होता, मी तो बर्फानं भरला होता. फक्त एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं. शाळेची कौलं लालच होती. मागं काजूची झाडं होती, खुरटलेली.

आम्ही शाळेच्या पायरीवर बसलो. दिवस कलायला लागला. खारा वारा पडला. चिमणीचा धूर थोडा वेळ सरळ वर चढला आणि थबकला. पुढं काय होणार ते मला ठाऊक होतं. तो वळला. सावकाश खाली आला, टेकाडापाशी अडला, ओढ्यावर बसला, मग काजूंवर, मग आमच्यावर. ह्यांनी रुमाल काढून नाकाला लावला. गुरुजींनी लावला नाही. म्हणाले, सकाळी ऊन वर येईपर्यंत हा असाच असतो, म्हणून प्रार्थना आता आत घेतात, खिडक्या लावून.

जन्मभर विज्ञान शिकवलं, आणि एकदाच, एकाच प्रश्नाचं उत्तर अगदी तंतोतंत खरं आलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. खोकला थांबेपर्यंत थांबले, आणि अगदी मायेनं म्हणाले, "बाई, तुमची उदबत्ती खरी निघाली हो. खोटी निघाली असती, तर मी दर वर्षी तुम्हाला फणस पाठवला असता."

सर गेले. गुरुजीही गेले, दम्यानं म्हणे. वयानं की धुरानं, ते कोण सांगणार? पौनीकर आहेत, मुलाकडे वाडीला असतात, ऐकू कमी येतं. मागं भेटले तेव्हा मला म्हणाले, "बाई, तो टिनाचा पहाड मी मोडला नाई. घरच्या छतावर पत्रा कमी पडला, तरी मोडला नाई." कशासाठी ठेवलाय, ते मी विचारलं नाही.

आजही संध्याकाळी मी बुद्धासमोर अगरबत्ती लावली. कूलर सुरू होता, दार ह्यांच्या मापानं वीतभर उघडं होतं. धूर निघाला, वाकला, आणि आज्ञाधारकपणे दाराकडे निघून गेला. मी उठले आणि बटण बंद केलं.

"काहून बंद केला वं?" हे आतून ओरडले. "आत्ताच तर पाणी भरलं मी!"

"राहू द्या जी जरासा," मी म्हटलं. "धूर पाहून राहिली मी."

हे बाहेर आले. कपाळावर घाम होता. तोंडावर बोलणं अगदी आलेलं दिसत होतं, पण ह्यांनी अगरबत्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. जाऊन दार लावून घेतलं, आणि माझ्या शेजारी येऊन बसले.